सोऱ्यात ठेवलेलं पत्र

कराड,
रविवार, १६ नोव्हेंबर

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोन ठेवलास तेव्हा इथे रात्रीचे साडेदहा वाजले होते. अण्णा झोपले होते. मी परत लावला नाही. फोनवर बोलायला गेलं की शब्दाला शब्द वाढतो, त्यापेक्षा लिहावं म्हटलं. आत्याच्या सुनेचा भाऊ मंगळवारी रात्री मुंबईहून श्टुटगार्टला निघतोय. त्याच्याजवळ सोऱ्या देते आहे, सोऱ्याच्याच पोटात हे कागद गुंडाळून ठेवीन. गुरुवारपर्यंत तुझ्या हातात पडतील. शनिवारच्या आत वाचून होईल.

भांडायला लिहीत नाही हे आधीच सांगते. तुझ्या बेताबद्दल लिहायचं आहे. मसूर आणि श्पेत्स्ले, त्या तिकडच्या पाण्यात शिजवलेल्या अंड्या-पिठाच्या शेवया. दुसरा विषय काढायचा नाही असं ठरवून बसले आहे.

मागच्या रविवारी तू मैत्रिणीच्या गावाहून, त्या आल्बच्या डोंगरावरून व्हिडिओ कॉल लावलास, तो अजून डोळ्यांपुढून जात नाही. काय गं तिची आजी! ऐंशीच्या पुढे असतील ना? एका हातात मूठ असलेली लाकडी फळी, तिच्यावर सैल पिठाचा पातळ थर, दुसऱ्या हातात सुरी आणि खाली खळखळतं पाणी. कडेचं पीठ सुरीनं खरडून पाण्यात सोडायचं, सुरी पाण्यात बुडवून ओली करायची, पुन्हा खरडायचं. फळीकडे बघतसुद्धा नव्हत्या, माझ्याकडे बघून हसत होत्या आणि मनगट आपलं चालूच. आमच्या सासूबाई पाटावर शेवया करायच्या ना, त्यांचं मनगट असंच चालायचं. तोंडानं कुणाच्या तरी लग्नाची गोष्ट सुरू आणि बोटांखालून केसासारखी शेवई उतरतेय. तू तेव्हा दुसरीत होतीस, तुला आठवत नसेल.

मी त्यांना आपला पितळी सोऱ्या दाखवला. शब्द कळायचं कारणच नव्हतं, पण त्यांनी एक बोट वर केलं, आत गेल्या आणि त्यांचा दाबायचा साचा घेऊन आल्या. लांब दोन दांड्यांचा, खाली भोकं असलेला. दोघींनी आपापला साचा फोनसमोर धरला. तू मध्ये उभी राहून सांगितलंस की त्या म्हणतात साच्यातल्याही चालतात, पण फळीवर खरडलेल्या त्या खऱ्या. आणि श्पेत्स्ले म्हणजे चिमणुल्या, असा अर्थ सांगतात तिकडे. फळीवरून पाण्यात उडी मारणाऱ्या चिमणुल्या. मला फार आवडलं ते.

काल दुपारी मी करून बघितल्या. तुला फोनवर तेच सांगायचं होतं, पण आपलं भलतीकडेच गेलं. आजींचं माप तू लिहून पाठवलं होतंस: शंभर ग्रॅम पिठाला एक अंडं, चवीपुरतं मीठ, लागेल तसं पाणी. तिकडच्यासारखं रवाळ पीठ इथे कुठून आणणार, म्हणून मैद्यात मूठभर बारीक रवा घातला. चारशे ग्रॅमला चार अंडी. आधी पीठ घट्ट झालं, सोऱ्याचा दांडा फिरेना. तसं पाव वाटी पाणी घालून लाकडी डावानं फेटत बसले. तू लिहिलं होतंस, बुडबुडे येईपर्यंत फेटायचं. दंड भरून आले, पण आले बुडबुडे. डाव उचलला की पीठ तुटून न पडता लांब, जडसं ओघळतं. घारग्यांच्या पिठापेक्षा सैल आणि भज्यांच्या पिठापेक्षा घट्ट, एवढं लक्षात ठेव. मग अर्धा तास झाकून ठेवलं. ते विसरू नकोस, त्या अर्ध्या तासात पिठाचा ताण जातो.

जाड शेवेची चकती लावली आणि पाण्यावर धरून दाबलं. लांबच लांब दोर उतरले, ते ओल्या सुरीनं तोडले. आधी तळाशी गेले, मग एक, दोन, आणि मग सगळेच्या सगळे वर आले. वर आले की झाले. झाऱ्यानं काढले, लोण्यावर परतले. अण्णांनी मसुराच्या आमटीबरोबर दोनदा मागून घेतले. वर म्हणाले, आपल्या शेवग्याच्या शेंगांच्या रश्श्याबरोबरही चांगले लागतील.

दूधवाल्याला सकाळी काय सांगत होते ऐक. “आमची मनू जर्मन लोकांना त्यांचंच जेवण करून घालणार आहे शनिवारी. आठ माणसांचा स्वयंपाक.” दूधवाला बिचारा किटली हातात धरून उभा. मग तुझं ट्युबिंगेनचं विद्यापीठ १४७७ सालचं आहे हेही सांगून झालं. शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही दीडशे वर्षं आधीचं, असं सांगतात ते प्रत्येकाला. मी काही बोलत नाही, पण मलाही ऐकायला बरं वाटतं. सायन्सला जाऊ नको म्हणणारे सगळे कुठे आहेत आता?

तर सोऱ्या त्यासाठी पाठवते आहे. पण लिहिता लिहिता एक मनात आलं. सोऱ्या पाण्यावर धरायचा म्हणजे दोन्ही हात अडकलेले आणि तोंडावर वाफ. काल माझ्याच बोटांना चटके बसले. तेव्हा सोऱ्या तू धरू नकोस, मैत्रिणीला धरायला दे. तिच्या घरचाच पदार्थ आहे, तिला सवय असेल. तू पीठ कर, मसूर बघ. आणि तिला दे म्हणताना तिला कारण तर सांगावंच लागेल.

बघ, आलाच विषय. नाही काढत.

मसुराचं बोलू. तू सांगितलेली ती बियांची गोष्ट मी परवा चौथीच्या वर्गात सांगितली. आल्बच्या त्या खडकाळ, चुनखडीच्या जमिनीत पूर्वी घरोघरी मसूर व्हायचा, पुढे परवडेना म्हणून लोकांनी सोडून दिला, आणि इतका सोडला की तिथल्या जुन्या वाणाचं बीसुद्धा उरलं नाही. मग लाउटराख गावच्या एका शेतकऱ्यानं, माम्मेल नाव ना त्यांचं, १९८५ पासून दुसरं बी घेऊन पुन्हा लावायला सुरुवात केली. आणि जुनं हरवलेलं वाण सापडलं ते २००६ साली, थेट रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव्ह संस्थेच्या बियाण्यांच्या संग्रहात. मुलांना ते फार आवडलं. एकानं विचारलं, बाई, ते बी तिकडे कोणी नेलं? मग मी त्यांना वेढ्याची गोष्ट सांगितली. १९४१ पासून १९४४ पर्यंत शहराला वेढा, खायला अन्न नाही, आणि संस्थेत पोत्यांनी धान्य. ते सांभाळणारी माणसं उपासमारीनं गेली, पण बियाण्याला हात लावला नाही. वर्ग एकदम गप्प झाला.

मला तुझ्या आजोबांची आठवण झाली. बहात्तरच्या दुष्काळात माणदेशात आमच्या घरी मिलो, ती परदेशातून आलेली ज्वारी, खाल्ला, सुकडीवर दिवस काढले, पण माळ्यावरच्या गाडग्यातलं ज्वारीचं बी आईनं काढू दिलं नाही. मी लहान होते, रडायचे. आई म्हणायची, ते आपलं नव्हे, पुढच्या वर्षाचं आहे. तू बियांवर शिकायला गेलीस ते ऐकायला आजोबा असायला हवे होते. दुसऱ्या पिकाच्या आधारानं मसूर वाढवतात हे ऐकून तर त्यांनी मांडीवर थाप मारली असती. वेल लोळतो म्हणून सोबत सातू किंवा ओट पेरायचं, त्याच्या अंगावर मसूर चढतो, आणि काढणी झाल्यावर दोन्ही दाणे वेगळे करायचे. आपल्याकडेही नुसतं एक पीक कोण घेत होतं? गव्हात मोहरी, ज्वारीत तूर, कडेनं करडई.

आता स्वयंपाकाचं. तिकडच्या कृतीत कांदा, गाजर, ती सेलरीची गड्डी आणि लीक बारीक चिरून परतायचं आहे, आणि कणीक लोण्यावर तांबूस भाजून मसुराला लावायची आहे. त्याला घाबरू नकोस. आपण ताकातल्या पालेभाजीला पीठ लावतो तसंच ते. गुठळ्या होऊ नयेत म्हणून आधी थोड्या गार पाण्यात कालव. तमालपत्र आपल्याकडचंच आहे, आजींच्या चिठ्ठीत लवंगही दिसली. शेवटी आंबटपणासाठी व्हिनेगर आणि चिमूटभर साखर. हे शेवटी म्हणजे खरंच शेवटी, मसूर बोटानं चेपला गेल्यावर. आधी घातलंस तर तासभर ठेवलास तरी दाणा टणक राहील. आपण आमसूल डाळ शिजल्यावर घालतो ते याचसाठी. व्हिनेगर एकदम ओतू नकोस, एक चमचा घाल, चव बघ, मग दुसरा. आंबट-गोड जमलं की तुला लगेच कळेल, आमटीचंच नातं आहे ते.

सॉसेजं वेगळ्या भांड्यात गरम कर. तुमच्यात दोघं शाकाहारी आहेत ना? त्यांचा मसूर आधी बाजूला काढून ठेव, मग बाकीच्यांच्यात खारवलेलं मांस घालायचं तर घाल. सॉसेजांचं पाणी उकळू द्यायचं नाही म्हणे, नाहीतर फुटतात. गरम पाण्यात नुसती ठेवायची. आणि रेड वाइन घालायची असेल मसुरात तर घाल, शिजते ती. पण वरून ग्लासात घ्यायची नाही मनू. दोन घोट काय होतात असं तू म्हणशील. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे, दारू आणि जागरण. शनिवारी दोन्ही असणार. रात्रीची गोळी नऊची आहे. माणसं साडेसातला येणार म्हणजे नऊला तुम्ही नेमके जेवायला बसलेले असणार, आणि सगळ्यांसमोर गोळी नको म्हणून तू ती मागे टाकणार. मला माहीत आहे तू कशी टाकतेस. दादाच्या लग्नात टाकली होतीस.

हे लेक्चर झालं. खोडत नाही, कारण खोडलेलंही तू वाचतेसच. पण चुकले.

काल तू जे बोललीस ते मला लागलं, कारण ते खरं होतं. मी विचारलं, तुझ्या घरातल्या एकीला तरी सांगितलंस का? तू म्हणालीस, “आई, कुणाला सांगायचं नाही हे तूच शिकवलंस.” आणि फोन बंद.

हो, मीच शिकवलं.

नववीची परीक्षा संपली होती. कुरडयांचा दिवस. तीन दिवस भिजवलेला गहू वाटून, चीक काढून, परसात चुलीवर मोठं पातेलं चढवलं होतं. तू हट्टानं म्हणालीस, मी हाटते. चीक हाटायला जोर लागतो, मी म्हटलं जमणार नाही, तू म्हणालीस जमेल. आणि जमत होतं. पांढऱ्या चिकाला चकाकी यायला लागली होती, तू दोन्ही हातांनी दांडा धरून फिरवत होतीस, कपाळावर केस चिकटलेले. मी सोऱ्याला आतून तेल लावत होते. हाच सोऱ्या, जो आता तुझ्या हातात आहे. मी खाली बघितलं ते फक्त चकती बसवण्यापुरतं. वर बघितलं तर तुझी मान एका बाजूला वळलेली, डोळे तिकडेच लागलेले. मी हाक मारली. मग तू पडलीस, आणि दांड्याबरोबर पातेलं कलंडलं.

डाव्या हातावरचा डाग तू पूर्ण बाह्यांखाली ठेवतेस. तो दिसला की मला आजही चिकाचा वास येतो. त्यानंतर आजतागायत मी कुरडया केल्या नाहीत. तुम्हाला सांगायचे की गुडघे दुखतात.

माणसं जमली. कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी चप्पल आणली, कोणी दातांत चमचा घालायला निघालं. आणि मी, शिकलेली, शाळेत शिकवणारी, तुझं डोकं मांडीवर घेऊन सगळ्यांना एकच सांगत सुटले, “उन्हानं चक्कर आली, उन्हानं चक्कर आली.” तू शुद्धीवर आल्यावर तुलाही तेच सांगितलं. दवाखान्यात मेंदूचा आलेख काढला, डॉक्टरांनी नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या, आणि येताना एसटीत मी तुझा हात धरून म्हटलं, हे आपल्या घरातच ठेवायचं. शाळेत कोणी विचारलं तर चक्कर. तू मान हलवलीस. चौदा वर्षांची होतीस.

मला भीती कशाची होती तेही सांगते. तुझ्या लग्नाची. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत एक मुलगी होती, फेपरं येतं म्हणून सासरच्यांनी महिन्यात आणून सोडली. तिची आई दारात बसून राहायची, आत यायची नाही. तेव्हा कायदाही त्यांच्याच बाजूचा होता. हिंदू विवाह कायद्यातून फेपऱ्याचा उल्लेख काढला तो १९९९ साली, हे मला डॉक्टरांनीच सांगितलं. ते म्हणाले, बाई, कायदा बदलला, तुम्ही कशाला लपवता? मी हो हो म्हटलं आणि घरी येऊन गोळ्यांची पाकिटं फाडून व्हिटॅमिनच्या डबीत भरली. दहा वर्षं भरत होते.

तेव्हा तू मला बोललीस ते बरोबर बोललीस. मी वाईट शिकवलं. मला माफ कर. आईनं लेकीची माफी मागायची नसते असं म्हणतात, पण मी मागते आहे.

पण सप्टेंबरात तुला जी फिट आली, अडीच वर्षांनी, तेव्हा तू खोलीत एकटी होतीस. जीभ चावली गेली, पलंगाच्या कडेला खांदा लागला, आणि शेजारच्या तीन खोल्यांत तिघीजणी होत्या. कुणालाही कळलं नाही. मला तू तीन आठवड्यांनी सांगितलंस. मी त्यानंतर रोज रात्री हिशेब करते. आता त्यांचे सात वाजले, आता ती अंघोळीला गेली असेल, दाराला आतून कडी लावली असेल का. मेमध्ये तू नेकार नदीवरच्या त्या लांबड्या होडीतला फोटो पाठवला होतास, लांब लाकडी काठीनं ढकलतात ती. सगळे म्हणाले किती गोड. मी फक्त पाणी किती खोल आहे ते बघत होते. होडीत बसू नकोस असं म्हणत नाही. बस. शिक, फीर, डोंगरावर जा, आठ काय अठरा माणसांचा स्वयंपाक कर. एकीला सांगून कर.

आज सकाळी मी एक गोष्ट केली. शेजारच्या काकूंकडे गेले. त्या लसूण सोलत होत्या, मीही सोलायला बसले. आणि म्हटलं, काकू, मनूला चक्कर नाही, फिट येतात, पहिल्यापासून. दहा वर्षांत पहिल्यांदा हे वाक्य घराबाहेर बोलले. हात थरथरत होते.

काकूंनी मान वर केली नाही. म्हणाल्या, “अगं, मला त्याच दिवशी कळलं होतं. माझ्या थोरल्या भावाला होतं ना. कांदा मीच आणला होता, तेव्हा मलाही अक्कल नव्हती.” मी काही बोलूच शकले नाही. मग त्यांनी सांगितलं, तू अभ्यासाला गच्चीवर जायचीस, आम्ही दोघं शाळेत असायचो, तेव्हा त्या भाजीची टोपली घेऊन जिन्यात येऊन बसायच्या. तू खाली उतरेपर्यंत. दहावी आणि बारावी, दोन्ही वर्षं. मला वाटायचं त्यांच्या घरात उकडतं म्हणून जिन्यात बसतात. तुलाही असंच वाटायचं ना? तू मला एकदा म्हणालीसुद्धा होतीस, काकू सारख्या जिन्यातच असतात, वाचताना लक्ष लागत नाही.

मी विचारलं, मग कधी बोलल्या का नाहीत? म्हणाल्या, तुला सांगायचं नव्हतं, मी कशी विचारणार?

घरी आले आणि हे लिहायला बसले.

सोऱ्याच्या डब्यात तळाशी एक पुठ्ठ्याचं कार्ड आहे. खालच्या गल्लीतल्या मुलीकडून, जी पुण्याला जर्मनच्या परीक्षा देते, तिच्याकडून जर्मनमध्ये लिहून घेतलं आहे. तुझं नाव घातलेलं नाही. काय करायचं ते लिहिलं आहे: घड्याळ बघा, आसपासचं गरम आणि टोकदार सामान दूर करा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, तिला दाबून धरू नका, तोंडात काहीही घालू नका, पाणी पाजू नका, काही हुंगवू नका, झटके थांबले की कुशीवर वळवा आणि पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत जवळ बसा. पाच मिनिटांत थांबलं नाही, किंवा लगेच पुन्हा आलं, तर ११२. एवढंच. ते फ्रिजवर लाव म्हणून मी सांगणार नाही. तुझ्या वहीत ठेव, टाकून दे, तुझी मर्जी. मी कोण सांगणारी, दहा वर्षं लपवून ठेवणारी. पण तुझी आल्बवरची मैत्रीण, जी तुला स्वतःच्या आजीच्या घरी घेऊन गेली, आजीच्या हातची फळी तुला धरू दिली, ती ऐकून घेईल असं मला वाटतं. व्हिडिओत मी तिच्याकडे बघत होते. तू फळी तिरकी धरलीस तर तिनं काही न बोलता खालून हात लावला. ती मुलगी ऐकून घेईल.

कशी सुरुवात करू असं वाटत असेल तर पीठ अर्धा तास मुरायला ठेवायचंच आहे. माणसं यायच्या आधीचा वेळ. दोघी ओट्यापाशी असाल, काम काही नसेल. मी काकूंपाशी लसूण सोलताना सांगितलं. हातात काहीतरी असलं की सोपं जातं.

वरचा तळलेला कांदा करायचा असेल तर पातळ, लांब चीर आणि किंचित मीठ लावून ठेव, पाणी सुटलं की पिळून घे, मग पिठात घोळवून तळ. कुरकुरीत राहतो. तळायचंही दुसऱ्या कोणाला तरी दे. म्हणजे असं की आठ माणसांच्या स्वयंपाकाला दोन माणसं लागतातच, आपल्याकडेही एकटी कोण करते?

फोटो पाठव. अण्णांना ताटाचा हवा आहे, मला तुम्हा सगळ्यांचा, तू मध्ये असलेला. आजींना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, फळी मागवते आहे मी सुताराकडून, अण्णांनी चित्रावरून माप काढलंय. आंब्याचं लाकूड चालेल का विचार.

फोन कर. कालचं मनात ठेवू नकोस, मीही नाही ठेवलं.

तुझी,
आई

ता. क. — पातेलं मागच्या शेगडीवर ठेव आणि कान भिंतीकडे फिरव. तिकडच्या काचेच्या शेगड्या बंद केल्यावरही बराच वेळ तापलेल्या राहतात, तूच सांगितलं होतंस. आणि शिजलेले श्पेत्स्ले भातासारखे वेळायला जाऊ नकोस, गरम पाण्याचं भांडं उचलायचंच नाही. झाऱ्यानं काढ. झारा डब्यात घातला आहे, आपला भज्यांचा. मी दुसरा आणते.